चंद्राच्या अंधारात लेसरची वीज

‘चांद्रयान-३’चे विक्रम लँडर २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरले. त्याला आणि प्रज्ञान रोव्हरला वीज मिळत होती ती सौर पॅनेलमधून. चंद्रावरची रात्र पृथ्वीवरच्या सुमारे १४ दिवसांएवढी असते. ऊन नाही म्हणजे वीज नाही, आणि वीज नाही म्हणजे ऊबही नाही. ती रात्र सरल्यावर दोघांशी संपर्क होऊ शकला नाही. दक्षिण ध्रुवाजवळच्या काही विवरांच्या तळाशी तर ऊन कधीच पोहोचत नाही. पाण्याचे बर्फ मात्र अशाच जागी टिकून राहू शकते. तिथे यंत्रे चालवायची कशी?

यावर सुचवला जाणारा एक उपाय म्हणजे लेसर. विवराच्या उन्हातल्या काठावर सौर पॅनेल उभारायचे, त्या विजेवर लेसर चालवायचा आणि त्याचा झोत खालच्या रोव्हरवर सोडायचा. रोव्हरवरचे प्रकाशघट त्या झोतापासून पुन्हा वीज तयार करतात.

सूर्यप्रकाशात अनेक रंग असतात आणि एकाच पदार्थाच्या घटाला ते सगळे नीट वापरता येत नाहीत. त्यामुळे छतावरचे पॅनेल साधारण २० टक्के ऊर्जेचीच वीज करते. लेसरचा रंग एकच असल्याने त्याला साजेसा पदार्थ निवडता येतो. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेने २०२१ मध्ये गॅलियम आर्सेनाइडच्या घटातून ६८.९ टक्के कार्यक्षमता मिळवली.

खरी गळती इतरत्र होते. विजेपासून लेसर तयार करताना बरीच ऊर्जा उष्णतेत जाते आणि अंतर वाढले की झोत पसरतो. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेने आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर शंभरहून अधिक दिवस असा प्रयोग केला. सुमारे दीड मीटर अंतरावर दीड वॉट वीज पोहोचली. एकूण कार्यक्षमता होती ११ टक्के. जमिनीवर मात्र २०२५ मध्ये ‘डार्पा’ने न्यू मेक्सिकोत ८.६ किलोमीटरवर ३० सेकंद ८०० वॉटहून अधिक वीज पोहोचवली.

लेसरने यानही ढकलता येईल का? प्रकाशाचा दाब असतो, पण तो नगण्य. एक गिगावॉटचा, म्हणजे मोठ्या वीजकेंद्राच्या तोडीचा झोत आरशावरून परतवला, तरी मिळणारा रेटा पृथ्वीवरच्या जेमतेम ७०० ग्रॅम वजनाएवढा. म्हणूनच २०१६ मध्ये जाहीर झालेल्या ‘ब्रेकथ्रू स्टारशॉट’ योजनेत यान काही ग्रॅमचेच होते, आणि लेसर १०० गिगावॉटचा. जड यानासाठी लेसरपासून वीज करून तिच्यावर आयन इंजिन चालवणे अधिक व्यवहार्य ठरते.

ताऱ्यांपर्यंतची झेप त्यामुळे दूरची. अंधाऱ्या विवरातल्या रोव्हरला काही किलोमीटरवरून वीज देणे मात्र आवाक्यात येऊ लागले आहे.