शिंगराचा बाप

अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी १४६९च्या सुमारास विकायला घोडा घेऊन चौल बंदरात उतरला. जुन्नरच्या खानाने तो घोडा बळकावला, मग परत केला. शेवटी बीदरला त्याचा सौदा झाला. निकितिनचे स्मारक आज रेवदंड्यात आहे.

तेव्हाचे गिऱ्हाईक दात, खूर, छाती पाहून भाव करी. आज आयर्लंड-इंग्लंडच्या लिलावांत अडथळ्यांच्या शर्यतीसाठी तीन वर्षांचे, पाठीवर खोगीरही न चढलेले शिंगरू घेताना आधी विचारतात, बाप कोण? जनुके तर आईकडूनही निम्मी येतात! पण घोडी अकरा महिन्यांनी एकच शिंगरू देते, वळूची मात्र वर्षाला शंभरावर होऊ शकतात. म्हणजे हिशेब मांडता येतो तो बापाचाच.

गोची पुढे आहे. हे घोडे उमेदीत येतात आठव्या-नवव्या वर्षी. वळूची पोरे उड्या मारण्यात तरबेज आहेत हे सिद्ध होईतो तो म्हातारा झालेला असतो, नाहीतर मेलेला. शिवाय धावणारे बहुतेक नर खच्ची केलेले, त्यामुळे विजेत्याचा वंशच चालत नाही. म्हणून वळू निवडतात ते सपाट मैदानावर लांब पल्ला मारलेल्यांतून.

बाप सोडून थेट शिंगराचेच जनुक तपासावे, तर मायोस्टॅटिन जनुकाची चाचणी २०१०पासून माहीत आहे. घोडा कमी पल्ल्याचा की लांबच्या, याचा अंदाज ती देते. उडी कशी घेईल, हे नाही. त्यासाठी शिंगरू चालवून, पाय नीट निरखूनच बोली लावावी.