बिघडते ती फाइल, की डिस्क?

आमच्या ओळखीच्या एका घाऊक कापड व्यापाऱ्याच्या पेढीवर मार्चअखेरीस जाण्याचा योग आला. हिशेबाची फाइल महिन्यात तिसऱ्यांदा उघडेनाशी झाली होती. दर वेळी मेकॅनिक येई, चेकडिस्क चालवी, संगणक सुरू होई. शेठजींचा संशय व्हायरसवर, मुनीमजींचा नव्या पोरावर. तीच चूक पुन्हा का येते, हे मात्र कुणी विचारले नव्हते.

डिस्कवर कोणती फाइल कोठे आहे याची नोंद ठेवणारी व्यवस्था म्हणजे फाइल सिस्टीम. खतावणीची अनुक्रमणिकाच म्हणा ना! अचानक वीज गेल्याने ती विस्कटली, तर चेकडिस्क ती जुळवते आणि विषय संपतो. पण वहीचा कागदच कुजत चालला असेल तर? अनुक्रमणिका कितीदा लिहिली तरी बिघडणारच. शिवाय चेकडिस्कचे काम अनुक्रमणिका जुळवणे, माल वाचवणे नव्हे. धनी न सापडलेले तुकडे ती 'फाउंड' नावाच्या फोल्डरात टाकते. पेढीवर असे तीन फोल्डर होते!

आम्ही विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडला. नुसती एनटीएफएसची ५५ क्रमांकाची नोंद असती, तर वीज किंवा रॅमवरही संशय घेता आला असता. पण सोबत 'डिस्क' या नावाखाली ७ क्रमांक, म्हणजे खराब ब्लॉक, रांगेने होता. मग डिस्क स्वतःच ठेवते ती 'स्मार्ट' नोंद पाहिली. तिच्यात ५, १९७ आणि १९८ हे रकाने महत्त्वाचे. तेथील आकडा वाढत असेल तर डिस्क चालली. १९९ वाढत असेल तर आधी केबल बदलून पाहावी, पुष्कळदा तेवढ्यावर भागते. येथे १९७ वाढत होता.

'स्मार्ट' नोंद स्वच्छ आहे म्हणून निर्धास्त राहू नये. गुगलने २००७ साली लाखाहून अधिक डिस्कची पाहणी प्रसिद्ध केली. तीत बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी मुख्य चार रकान्यांत काहीच इशारा दिला नव्हता. उलट तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढील ६० दिवसांत बंद पडण्याचा संभव निर्दोष डिस्कच्या ३९ पट होता.

म्हणून आधी नक्कल, मग दुरुस्ती. आम्ही संगणक तत्काळ बंद करविला, डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडून डीडीरेस्क्यूने नक्कल घेतली. हा प्रोग्राम चांगला भाग आधी उचलतो, खराब जागी नंतर झगडतो. चेकडिस्क चालवली ती नकलेवर. बहुतेक खाती मिळाली. फेब्रुवारीची बिले मात्र गेली. मुनीमजी अजून बिलबुकावरून ती भरत आहेत.