चिमण्यांसाठी दाणे ठेवताय? आधी जागा बघा

बाजारात झोकदार, रंगीत फीडर मिळतात. मी दोन आणले, दोन्ही कबुतरांनी बळकावले! चिमणीसाठी छोट्या भोकांचा, आखूड दांडीचा फीडर घ्या. कबुतराला त्यावर धड बसता येत नाही. आत बाजरी, राळे किंवा तांदळाची कणी. शेव-फरसाण नको, त्यात मीठ असतं. पावही नको.

खरा घोळ जागेचा. फीडर खिडकीच्या काचेपासून एक मीटरच्या आत टांगा, नाहीतर चांगला लांब. मधल्या अंतरावरून पाखरू वेग घेतं आणि काचेत दिसणाऱ्या आभाळावर आपटतं. जवळपास जास्वंदीचं झुडूप असावं, पण अगदी चिकटून नको. मांजर तिथेच दबा धरून बसते. पावसाळ्यात दाण्यांना बुरशी धरते, म्हणून थोडेच भरा आणि फीडर अधूनमधून धुऊन कडक वाळवा.

बुलबुलाला मात्र दाण्यांपेक्षा पिकलेली पपई प्यारी. चिमण्या पिल्लांना मुख्यतः किडे-अळ्या भरवतात, तेव्हा कुंड्यांवर कीटकनाशक मारू नका. आणि उन्हाळ्यात मातीच्या परळात दोन बोटं पाणी, सावलीत. रोज बदलायचं हं, डास होतात!