श्रवणाची वाट

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात जांब नावाचे गाव आहे. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली या गावी झाला. म्हणून त्यास जांब समर्थ असे म्हणतात. समर्थांनी दासबोधात नवविधा भक्तीचे विवेचन केले आहे. त्यात पहिले स्थान श्रवणाचे आहे; कीर्तनाचे स्थान त्यानंतरचे. आधी ऐकावे आणि मग गावे, असा हा क्रम आहे. भक्तीच्या बाबतीत जे खरे, तेच संगीताच्या बाबतीतही खरे आहे. गवई घडावा लागतो, हे सर्वांस ठाऊक असते; परंतु ऐकणाराही घडावा लागतो, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही.

संगीत कानांवर पडणे निराळे आणि संगीत ऐकणे निराळे. बाजारातून जाताना दहा दुकानांतली दहा गाणी कानांवर पडतात. त्यांतले एखादे ओठांवर घोळते आणि दोन दिवसांनी विसरले जाते. अशा गाण्याचा आनंद खोटा असतो असे नव्हे; तो झटकन मिळतो आणि तसाच सरतो, एवढेच. परंतु काही संगीत असे असते, की ते पहिल्या भेटीत आपले मन उघडे करीत नाही. आपले रागसंगीत त्या जातीचे आहे. गवई एकच राग तासभर गातो. शब्द दोन ओळींचे असतात आणि तेही पुन्हा पुन्हा येतात. नवख्या श्रोत्यास वाटते, की येथे काहीच घडत नाही. वस्तुतः येथे पुष्कळ घडत असते. ते ओळखण्याइतका कान मात्र अजून तयार झालेला नसतो.

कान तयार होतो म्हणजे काय होते? प्रथम त्यास ताल उमगतो. भजनी ठेका आठ मात्रांचा, रूपक सात मात्रांचा, झपताल दहा मात्रांचा आणि तीनताल सोळा मात्रांचा असतो. ठरलेल्या मात्रा पुऱ्या झाल्या की तालाचे एक आवर्तन पुरे होते आणि नवे सुरू होते. आवर्तनाच्या पहिल्या मात्रेस सम म्हणतात. गवई स्वरांच्या वाटेने दूर दूर जातो; आता हा चुकणार असे वाटते; आणि तो नेमका समेवर परत येतो. त्या क्षणी जाणत्या श्रोत्याची मान आपोआप डोलते. तालानंतर रागाची चाल ओळखू येऊ लागते. ओळखीचा मनुष्य दुरून चेहरा न दिसताही केवळ चालण्यावरून ओळखता येतो, तसा राग त्याच्या स्वरांच्या चालीवरून ओळखता येतो. सर्वांत शेवटी कळते ते दोन स्वरांमधील मौन.

ही वाट प्रत्येकास चालावी लागते. पण ती सर्वांस एकाच वयात सापडत नाही. कोणास ती बालपणी सापडते, कोणास तारुण्यात, तर कोणास केस पिकल्यावर.

बालपणीचे दार अनुकरणाचे असते. जालना जिल्ह्यातील खेड्यांत हे दार बहुधा देवळात उघडते. एकादशीच्या रात्री भजन उभे राहते. वीणेकरी मध्ये उभा असतो, पखवाज घुमत असतो आणि टाळकऱ्यांच्या रांगेच्या टोकाला एखादे लहान पोर मोठ्यांचे हात पाहून टाळ वाजवीत असते. त्यास मात्रा मोजता येत नाहीत; पण ठेका त्याच्या हातांत बसतो. मुक्ताईनगरहून पंढरीस निघणारी संत मुक्ताबाईंची पालखी जालना जिल्ह्यातून जाते, तेव्हा वाटेवरच्या गावांतील मुले तिच्या मागे अर्धा कोस तरी चालतातच. अंबड गावी दत्तजयंतीच्या निमित्ताने शास्त्रीय संगीताच्या मैफली होत आल्या आहेत. तेथे आईच्या मांडीवर झोपी गेलेल्या मुलाच्या कानांतही तंबोऱ्याचा षड्ज शिरतोच. या वयात समज कमी असते, पण नवलाई उदंड असते. आणि श्रवणाचा आरंभ नवलाईतूनच होतो.

याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे पंडित भीमसेन जोशी. त्यांचा जन्म १९२२ साली कर्नाटकातील गदग येथे झाला. वडील गुरुराज जोशी हे शिक्षक होते. लहानपणी भीमसेन वाजंत्री किंवा भजनाची मिरवणूक दिसली की तिच्या मागोमाग चालू लागत आणि थकून कोठे तरी झोपी जात. शोधून शोधून घरची मंडळी दमून जात. अखेर वडिलांनी मुलाच्या सदऱ्यावर तो जोशी मास्तरांचा मुलगा असल्याचे लिहून ठेवले. म्हणजे सापडेल तो त्यास घरी आणून पोचवील!

पुढे एका दुकानात भीमसेनांच्या कानांवर उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची ध्वनिमुद्रिका पडली. त्या काळची तबकडी मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेई आणि तिच्या एका बाजूवर तीन-चार मिनिटांचेच गाणे मावे. पण तेवढ्या अवधीत त्या मुलाच्या आयुष्याची दिशा पालटली. असे गाणे आपल्यालाही आले पाहिजे, या एकाच ध्यासाने त्यांनी १९३३ साली घर सोडले. तेव्हा त्यांचे वय अवघे अकरा वर्षांचे होते. गुरूच्या शोधात ते ग्वाल्हेरपर्यंत आणि पुढे पंजाबात जालंधरपर्यंत गेले. वडिलांनी त्यांना तेथून परत आणले. ज्यांच्या गाण्याने ते वेडे झाले होते, त्या अब्दुल करीम खाँ यांचेच शिष्य सवाई गंधर्व हे गदगपासून फार दूर नसलेल्या कुंदगोळ येथे राहत होते. १९३६ साली त्यांनी भीमसेनांना शिष्य म्हणून पत्करले. जे शोधण्यास मुलगा अर्धा देश फिरला, ते त्यास घराजवळच गवसले.

तारुण्यातील दार शोधाचे असते. लहान मूल समोर येईल ते ऐकते. तरुण मनुष्य हवे ते शोधत जातो. पूर्वी हा शोध कष्टाचा होता. मैफली पुण्या-मुंबईस होत आणि मराठवाड्यातील तरुणास तेथवर जाणे सहज जमत नसे. अशा वेळी रेडिओ उपयोगी पडला. आकाशवाणीने १९५२ साली संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू केला. शनिवारी रात्री मोठमोठे गवई आणि वादक देशभर एकाच वेळी ऐकू येऊ लागले. ज्या घरी रेडिओ असे, तेथे शेजारचे रसिक जमत. कार्यक्रम एकदा होऊन गेला की तो पुन्हा ऐकण्याची सोय नसे; म्हणून ऐकणारा जिवाचा कान करून ऐके.

तरुणपणीचे प्रेम उत्कट असते, तसेच थोडे भांडखोरही असते. किराणा घराणे श्रेष्ठ की जयपूर, ग्वाल्हेरची तान सरस की आग्र्याची बोलबाट, असे वाद रात्र रात्र रंगत. या वादांतून निर्णय क्वचितच लागे. पण वाद घालण्यासाठी दोन्ही बाजूंचे गाणे नीट ऐकावे लागे, हा लाभ मात्र खचित होई.

हा अनुभव केवळ आपल्या देशातला नाही. १९४८ साली अमेरिकेत दीर्घ तबकडी निघाली. ती सावकाश फिरे आणि तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावे. १९५५ साली सरोदवादक उस्ताद अली अकबर खाँ यांची दीर्घ तबकडी अमेरिकेत निघाली. तिच्या एकेका बाजूवर एकेक राग होता. तबकडीवरच्या रागास आता ऐसपैस बसण्याइतकी जागा मिळाली.

याच तबकडीमुळे इंग्लंडमध्ये एक नवे संगीत वाढीस लागले. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तेथील काही तरुण वादकांना तीन मिनिटांचे गाणे अपुरे वाटू लागले. त्यांनी गिटार व ड्रम यांच्या जोडीला बासरी, व्हायोलिन व नव्या विद्युत्-वाद्यांचे स्वर आणले आणि अनेक भागांची लांबलचक रचना बांधली. या संगीतास प्रोग्रेसिव्ह रॉक असे नाव पडले. किंग क्रिम्झन या वाद्यवृंदाची पहिली तबकडी १९६९ साली निघाली. जेथ्रो टल या वाद्यवृंदाने १९७२ साली एकच गीत तबकडीच्या दोन्ही बाजू व्यापील एवढे रचले. पिंक फ्लॉइड या वाद्यवृंदाच्या १९७३ सालच्या प्रसिद्ध तबकडीतील पैशाविषयीचे गीत बहुतांशी सात मात्रांत चालते. आपल्या रूपक तालाच्याही मात्रा सातच! दोहोंची जात निराळी. पण सातवी मात्रा सरून पुन्हा पहिलीवर येण्याची ओढ दोहोंत आहे.

या संगीताचे चाहतेही असेच निरनिराळ्या वयांत घडले. १९७० च्या सुमारास जे तरुण होते, त्यांनी मित्राच्या खोलीत तबकडी लावून ते ऐकले. त्यांच्या मुलांना ते वडिलांच्या कपाटात सापडले आणि नातवंडांना मोबाइलवर. पिंक फ्लॉइडचे एक संस्थापक रॉजर वॉटर्स २००७ साली मुंबईत येऊन गायले. तोवर ती तबकडी निघून चौतीस वर्षे लोटली होती. ती निघाली तेव्हा जन्मही न झालेली कितीतरी माणसे तोवर तिची चाहती झाली होती.

उतारवयातील दार स्मरणाचे असते. वृद्ध श्रोता गाणे ऐकतो तेव्हा तो एकच गाणे ऐकत नसतो. पूर्वी ऐकलेली दहा गाणी त्यामागे उभी असतात. म्हणून त्याचे ऐकणे खोल असते. परंतु याच स्मरणात एक धोका आहे. आमच्या वेळचे गाणे आता राहिले नाही, असे तो म्हणू लागतो. तिकडे तरुण म्हणतो, की हे जुने रडगाणे कोण ऐकत बसणार! दोघेही थोडे चुकतात. वृद्धास विसर पडतो, की बालगंधर्वांच्या पिढीलाही तिच्या आधीची पिढी असेच बोलली असेल. तरुणास कळत नाही, की जुने वाटणारे गाणेही एके काळी कोणाला तरी नवे कोरे म्हणूनच सापडले होते.

हा दुरावा मिटू शकतो, याचा पुरावा आपल्या रंगभूमीने दिला आहे. पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले. त्याचे संगीत जितेंद्र अभिषेकी यांचे होते आणि खाँसाहेबांची भूमिका वसंतराव देशपांडे करीत. २०१५ साली त्यावर चित्रपट निघाला. त्यात खाँसाहेबांची गाणी वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी गायिली. आजोबांनी नाटक आठवून आणि नातवाने चित्रपट पाहून तीच पदे गुणगुणली. तेथून एखादा मुलगा मूळ नाटकाच्या गाण्यांकडे वळला, त्यांच्या मागे उभ्या असलेल्या रागांकडे गेला. आणि पाहता पाहता आजोबांच्या शेजारी येऊन बसला.

भीमसेनांनीही अशीच एक वाट बांधली. गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव सुरू झाला. तो त्यांनी अनेक वर्षे सांभाळला. भारतीय बैठकीवर शाळकरी मुले, महाविद्यालयातील तरुण आणि काठी टेकीत आलेले वृद्ध तेथे शेजारी शेजारी बसत आले आहेत. शिवाय संतांचे अभंग रागदारीच्या अंगाने गाऊन त्यांनी रागांचे स्वर खेड्यापाड्यांतील देवळांपर्यंत पोचविले. ज्यांनी कधी ख्यालाची मैफल पाहिली नव्हती, त्यांच्या ओठांवर त्या अभंगांच्या चाली रुळल्या.

आज ऐकण्याची साधने विपुल झाली आहेत. ज्या गाण्यासाठी एका मुलाने घर सोडले, ते आता बोटाच्या एका स्पर्शाने ऐकू येते. परंतु त्याच बोटाच्या दुसऱ्या स्पर्शाने ते बंदही होते. पहिल्या मिनिटात गोडी वाटली नाही की आपण पुढच्या गाण्याकडे वळतो. ज्या संगीताची गोडी विसाव्या मिनिटाला लागते, ते अशा ऐकण्यात हाती लागत नाही. साधन सुलभ झाले, पण धीर मात्र प्रत्येकाने स्वतःच आणावयाचा आहे.

संगीत वहीत लिहून ठेवता येते, यंत्रात भरून ठेवता येते. पण तेवढ्याने ते जिवंत राहत नाही. कोणी तरी ते मन लावून ऐकावे लागते. एक पिढी ऐकेनाशी झाली, तर पुढच्या पिढीस दार दाखविणारे कोणी उरत नाही. म्हणून घरातील वडीलधाऱ्यांस त्यांच्या आवडीचे एक गाणे विचारावे, ते मध्ये न थांबविता अखेरपर्यंत ऐकावे, आणि मग आपल्या आवडीचे एक गाणे त्यांना तितक्याच आदराने ऐकवावे. दोघांनाही दोन्ही गाणी आवडतीलच असे नाही. परंतु एकाने दुसऱ्यासाठी धीर धरला, तर श्रवणाची पहिली पायरी दोघांनीही चढलेली असेल.