संपणारे गेम खेळून बघा!

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. उद्या सबमिशन आहे, जर्नल अर्धंच झालंय आणि ग्रुपवर मेसेज येतो, ‘एकच मॅच, ये ना!’ ही ‘एकच मॅच’ किती वाजता संपते, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. दोन वाजता फोन चार्जिंगला लावताना हिशोब केला, तर हाती काय असतं? एखादी नवी स्किन, रँकमध्ये जरासा चढउतार आणि सकाळच्या लेक्चरला जड झालेले डोळे. दुसऱ्या रात्री पुन्हा तोच मेसेज, पुन्हा तीच मॅच.

घाबरू नका, ‘गेम खेळू नका’ हे घरी रोज मिळणारं लेक्चर इथे द्यायचं नाहीये. मी स्वतः त्याच ग्रुपमधला आहे. मुद्दा वेगळा आहे. फुकट मिळणारे हे मोठे गेम मुळात संपू नयेत अशाच बेताने बनवलेले असतात. रोज लॉगइन केलं की बक्षीस, थोड्या थोड्या दिवसांनी नवा सीझन, मध्येच ‘ऑफर आज रात्रीपर्यंतच’ची घाई. तुम्ही रोज यावं आणि कधीतरी एखाद्या स्किनसाठी यूपीआयचा पिन टाकावा, यावरच त्यांचं दुकान चालतं. पिक्चरला शेवट असतो, कादंबरीला शेवटचं पान असतं. मग गेमलाच शेवट का नसावा?

असतो की! असे गेम भरपूर आहेत, फक्त त्यांची जाहिरात आपल्या रीलमध्ये येत नाही. एकटा माणूस किंवा पाच-दहा जणांची टीम मोठ्या कंपनीच्या हुकमाबाहेर राहून जे गेम बनवते, त्यांना इंडी गेम म्हणतात. त्यातले काही तासाभरात संपतात, काही एका वीकेंडमध्ये. बहुतेकांना महागडं ग्राफिक्स कार्ड लागत नाही, दादाचा किंवा ताईचा जुना लॅपटॉपही चालतो. त्यातलेच काही आज तुमच्यासाठी निवडलेत. शेवट मात्र कुठल्याच गेमचा सांगणार नाही.

लोकलमध्ये संपणारी लव्हस्टोरी

सुरुवात ‘फ्लॉरेन्स’पासून करा. हा मोबाइलवरच खेळता येतो आणि तीस-चाळीस मिनिटांत संपतो, म्हणजे ठाण्याहून सीएसएमटीला पोहोचेपर्यंत झालासुद्धा. मेलबर्नच्या ‘माउंटन्स’ या छोट्या टीमने तो 2018च्या व्हॅलेंटाइन डेला आणला. पंचविशीतली फ्लॉरेन्स रोज उठते, दात घासते, फोन स्क्रोल करते, ऑफिसला जाते. एक दिवस तिला क्रिश भेटतो. तो भारतीय वंशाचा आहे आणि चेलो वाजवतो.

गंमत त्यांच्या गप्पांत आहे. पहिल्या डेटला बोलायचं म्हणजे जिगसॉचे तुकडे जुळवून संवादाचा फुगा पूर्ण करायचा. सुरुवातीला तुकडे बरेच असतात, कारण काय बोलावं ते सुचतच नाही. ओळख वाढते तसे तुकडे कमी होत जातात. पुढे भांडण होतं तेव्हा त्याच तुकड्यांना टोकदार कडा येतात आणि ते पटापट लावायची घाई सुरू होते. एकही वाक्य न वाचता आपल्याला कळतं, की आता बोलणं टोचायला लागलंय. ब्रेकअप झालेल्या मित्राला दहा सल्ले देण्यापेक्षा हा गेम पाठवा.

खोकी उघडता उघडता

‘अनपॅकिंग’ हे नाव ऐकून मीही तोंड वाकडं केलं होतं. खोक्यांतून सामान काढून घरात लावायचं, हा काय गेम झाला? पण ऑस्ट्रेलियातल्या ‘विच बीम’च्या या गेमला 2022 मध्ये बाफ्टाचा वर्षातला सर्वोत्तम गेम हा प्रेक्षकांच्या मतांवर ठरणारा पुरस्कार मिळाला, तो उगीच नाही.

1997 ते 2018 या काळात एक मुलगी आठ वेळा घर बदलते. आधी लहानपणीची खोली, मग कॉलेज, मग रूममेट्स. ती आपल्याला एकदाही दिसत नाही, बोलतही नाही. दिसतं ते फक्त तिचं सामान. कुठलं खेळणं प्रत्येक घरात तिच्यासोबत येतं, कुठली आवड मध्येच सुटते, हे सगळं खोकी उघडता उघडता कळत जातं. 2010 मध्ये ती बॉयफ्रेंडच्या फ्लॅटवर राहायला जाते. तिथे सगळीकडे त्याचंच सामान. आपण खटपट करून तिचे कप, पुस्तकं, कपडे कोंबतो. शेवटी हातात उरते तिची पदवीची फ्रेम. भिंतीवर लावून पाहिली, जागा नाही. कपाटात, शेल्फवर, कुठेच बसेना. अखेर ती पलंगाखाली सरकवावी लागते.

मी हे खेळत होतो तेव्हा ताई माहेरी आली होती आणि मागे उभी राहून बघत होती. ती कधी गेमकडे ढुंकूनही बघत नाही. फ्रेम पलंगाखाली गेली तशी ती म्हणाली, ‘‘माझं एम.एस्सी.चं सर्टिफिकेट पण तिकडे बॅगेतच आहे अजून.’’ मग हसली आणि आत गेली. मला पुढे काय बोलावं सुचलं नाही. पुढच्या वेळी तिच्या घरी गेलो, तेव्हा हातोडी आणि खिळे घेऊनच गेलो. ‘गेममुळे काय मिळतं?’ असं कुणी विचारलं, की मला अजून तेच आठवतं.

नेटवर्क फक्त शिखरावर

ट्रेकला गेल्यावर फोन हवेत धरून नेटवर्क शोधणारा एक तरी मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. ‘अ शॉर्ट हाइक’ची नायिका क्लेअर अगदी तशीच. ती एक छोटा पक्षी आहे, मावशीकडे बेटावरच्या पार्कमध्ये सुटीला आलीय आणि एका महत्त्वाच्या फोनची वाट बघतेय. बेटावर रेंज नाही. रेंज मिळेल ती फक्त हॉक पीकच्या माथ्यावर. मग निघा चढायला!

वाटेत सोनेरी पिसं मिळतात. जितकी पिसं जास्त, तितकं उंच चढता येतं. पण खरी मजा वाट चुकण्यात आहे. कुणी मासे पकडायला शिकवतं, कुणाशी पळायची शर्यत लागते, आणि ‘अरे, आपण फोनसाठी निघालो होतो ना!’ हे मध्येच आठवतं. टायमर नाही, मरणं नाही, हरणं नाही. ॲडम रॉबिन्सन-यू या कॅनडातल्या डेव्हलपरने 2019 मध्ये आणलेला हा गेम दीड-दोन तासांत संपतो. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात डोकं भणभणत असेल, तर यापेक्षा चांगलं औषध नाही. तो फोन कुणाचा असतो, ते मात्र शिखरावर गेल्यावरच कळेल.

कागद पूर्ण नाहीत? बाजूला व्हा!

सरकारी ऑफिसच्या खिडकीवर ‘एक झेरॉक्स कमी आहे, उद्या या’ हे तुम्ही कधी ना कधी ऐकलं असेल. ‘पेपर्स, प्लीज’ मध्ये तुम्ही त्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसता. वर्ष 1982, देश आर्स्टोत्स्का नावाचा काल्पनिक, हुकूमशाहीखालचा. तुमची नोकरी सीमेवर पासपोर्ट तपासण्याची. पगार माणसागणिक, म्हणजे जितकी जास्त माणसं तपासाल तितके पैसे. त्यातून घरभाडं, जेवण आणि थंडीत घर गरम ठेवण्याचा खर्च भागवायचा. रोज सकाळी नियम बदलतात. पहिल्या दोन चुका माफ, पुढे दंड.

एक दिवस एका माणसाचे कागद नीट असतात, तो आत जातो. त्याच्या मागे त्याची बायको. तिच्याकडे परवाना नाही आणि ती विनवण्या करतेय. सोडाल? पुढच्या चुकीला दंड बसला, तर आज घरी औषध येणार नाही. हा गेम लुकास पोप या एकट्या माणसाने 2013 मध्ये बनवला. त्याआधी तो ‘अनचार्टेड’सारखे मोठे गेम बनवणाऱ्या कंपनीत होता. एकूण 20 शेवट आहेत आणि 2022 पासून तो मोबाइलवरही मिळतो. खेळून झाल्यावर खिडकीमागचा माणूस आवडायला लागेल असं नाही, पण तो असा का वागतो, हे थोडं कळेल.

डोकं चालवायचंय?

कोडिंगवाल्यांनो, ‘बाबा इज यू’ चुकवू नका. फिनलंडच्या आर्वी तेइकारीचा हा 2019चा पझल गेम. यात नियमच ठोकळ्यांवर शब्दांत लिहिलेले असतात आणि ते ठोकळे ढकलता येतात. ‘भिंत - आहे - अडथळा’ या अर्थाच्या वाक्यातला शेवटचा ठोकळा बाजूला ढकलला, की भिंत अडवायचीच थांबते! दोनशेहून जास्त लेव्हल आहेत, त्यामुळे हा काही एका रात्रीत संपत नाही. पण कुठेही ठेवून देता येतो आणि तो तुम्हाला ‘परत या’ म्हणून नोटिफिकेशन पाठवत बसत नाही.

दुसरा न्यूझीलंडचा ‘मिनी मेट्रो’. स्टेशनं रेषांनी जोडा आणि प्रवासी पोहोचवा, बस्स. एखाद्या स्टेशनवर फार गर्दी साठली, की डाव संपला. यात मुंबईचाही नकाशा आहे. ज्यांनी सकाळी दादरला उतरून पूल ओलांडलाय, त्यांना हा गेम शिकवावा लागणार नाही.

आपल्या आसपासचे

हे सगळं परदेशातच होतं असं समजू नका. ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा पुण्याच्या ‘नोडिंग हेड्स गेम्स’ने 2020 मध्ये आणलेला गेम. 2017 मध्ये त्यांनी लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा प्रयत्न केला, तो फसला. तरी टीमने काम सोडलं नाही. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला निघालेली राजी, राजस्थानी वाडे आणि बाहुल्यांच्या खेळासारखी गोष्ट सांगायची पद्धत, असं सगळं त्यात आहे. ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातल्या इंडी गेमच्या गटात त्याला नामांकनही होतं. मारामारी थोडी अडखळते आणि शेवट घाईचा वाटतो, हेही सांगून टाकतो. पण त्या भिंतींवरची चित्रं बघत बघत चाला, पैसे वसूल होतील.

गोव्यातल्या ‘फ्रॉस्टवुड इंटरॅक्टिव्ह’चा, म्हणजे खरं तर एकट्या अरमान संधूचा, ‘फरगॉटन फील्ड्स’ 2021चा. लिहिणं अडलेला एक लेखक जुन्या घरी जातो. घर विकायचं ठरलंय आणि सगळे तिथे शेवटचं भेटणार आहेत. गावाकडचं घर विकायची चर्चा तुमच्याही घरात कधी झाली असेल, तर हा गेम जवळचा वाटेल.

आणि टोरंटोच्या ‘विसाई गेम्स’चा ‘वेण्बा’. कॅनडात गेलेलं तमीळ कुटुंब, आईची फाटकी, अक्षरं पुसलेली पाककृतींची वही, आणि त्यातल्या गाळलेल्या पायऱ्या ओळखून इडली-पुट्टू बनवायचे. मुलगा मोठा होतो तसा त्याला डब्यातलं जेवण आणि घरची भाषा दोन्ही नकोसं होतं. घर सोडून हॉस्टेलवर आलेल्यांनी हा खेळून झाल्यावर आईला फोन करायचा, एवढीच अट. 2024 मध्ये पदार्पणाच्या गेमचा बाफ्टा याच गेमला मिळाला.

पैशांचं काय?

हा प्रश्न येणारच, पॉकेटमनी सगळ्यांचाच मोजका असतो. स्टीमवर किमती रुपयांत दिसतात आणि वर्षातून अनेकदा सेल लागतात. आवडलेले गेम विशलिस्टमध्ये टाकून ठेवा, किंमत उतरली की मेल येतो. एपिक गेम्स स्टोअर दर आठवड्याला काही ना काही फुकट देतं. इच डॉट आयओवर तर कितीतरी छोटे गेम मोफत आहेत. तिथे तुमच्यासारख्याच विद्यार्थ्यांनी बनवलेलेही सापडतील.

एक गोष्ट मात्र करू नका. स्टीमवर घेतल्यापासून 14 दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. गेम लॅपटॉपवर चालला नाही, तर ही सोय खुशाल वापरा. पण दीड तासाचा गेम पूर्ण खेळून, आवडूनही पैसे परत मागणारे लोक आहेत. 2021 मध्ये ‘समर ऑफ ’58’ या छोट्या हॉरर गेमच्या डेव्हलपरने याच कारणाने गेम बनवणं बेमुदत थांबवत असल्याचं जाहीर केलं होतं. लोकांना गेम आवडला होता, तरी पैसे परत जात होते. क्रॅक डाउनलोड करण्याचंही तेच. मोठ्या कंपनीला फरक पडत नसेलही, पण इथे समोर एकटा माणूस असतो. परवडत नसेल तर सेलची वाट बघा, चार मित्रांना गेमबद्दल सांगा, स्टीमवर दोन ओळींचा रिव्ह्यू लिहा. छोट्या डेव्हलपरला तेवढ्यानेही हात मिळतो.

तर आज रात्री ‘एकच मॅच’चा मेसेज आला, की एकदा ‘आज नको’ म्हणून बघा. ‘फ्लॉरेन्स’ लावा. पाऊण तासात नावांची यादी वर सरकायला लागेल आणि गेम संपलेला असेल. मग फोन ठेवा आणि झोपा. बरं, झोपायच्या आधी ते जर्नल पूर्ण करा, म्हणजे झालं!