निळ्या पडद्याचे निदान

१९ जुलै २०२४ रोजी जर्मनीत कील आणि ल्युबेक येथील विद्यापीठ रुग्णालयाला तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. इंग्लंडमध्ये बहुतांश फॅमिली डॉक्टरांची अडचण झाली, पेशंटच्या नोंदीच उघडेनात. आपल्याकडे विमान प्रवाशांच्या हाती पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. संगणक सुरू होई, निळा पडदा दाखवून बंद पडे, पुन्हा सुरू होई, पुन्हा बंद पडे.

हा व्हायरस नव्हता, उलट व्हायरसपासून बचाव करणाऱ्या क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधला दोष होता. तिच्या नव्या फाइलने विंडोजमधल्या ड्रायव्हरला एकविसावी नोंद वाचायला सांगितली. हाती नोंदी होत्या वीसच. तेवढ्याने सुमारे ८५ लाख संगणक आडवे झाले.

ड्रायव्हर म्हणजे दुभाष्या. ग्राफिक्स कार्ड, वाय-फाय, प्रिंटर यांची भाषा तो विंडोजला समजावून सांगतो. (क्राउडस्ट्राइकचा ड्रायव्हर कुठल्या यंत्रासाठी नव्हता, पण त्याची बैठक तिथलीच.) साधा प्रोग्रॅम बिघडला तर तो एकटा बंद पडतो. ड्रायव्हर मात्र बहुधा विंडोजच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, काम करतो. तिथे त्याने भलत्याच जागी हात घातला, की माहितीची नासाडी होऊ नये म्हणून विंडोज सगळेच थांबवते. म्हणजे निळा पडदा हा तापासारखा आहे. ते लक्षण आहे, रोग नव्हे.

अंगावर पुरळ घेऊन आलेल्या पेशंटला डॉक्टर आधी विचारतात, ‘नवीन कोणते औषध सुरू केले?’ इथेही तोच प्रश्न. काल अपडेट झाले का? नवा प्रिंटर जोडला का? पडद्यावरचा कोड आणि एखाद्या फाइलचे नाव दिसले तर तेही मोबाइलने टिपून ठेवावे. मग संगणक सेफ मोडमध्ये सुरू करावा. त्यात अगदी गरजेपुरतेच ड्रायव्हर चालतात. तिथे संगणक टिकला, तर संशय बराच पक्का होतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या यंत्राच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ असते, त्याने जुना ड्रायव्हर परत येतो. ते बटण फिकट दिसत असेल, तर मागचा ड्रायव्हर जपलेला नाही. असलेला काढून कंपनीच्या संकेतस्थळावरून योग्य तो घ्यावा. विंडोज नवी आणि ड्रायव्हर जुना असेल, तर इलाज उलटा, नवा ड्रायव्हर घालण्याचा. ‘एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर ताजे’ म्हणणारी फुकट सॉफ्टवेअर म्हणजे रस्त्यावरची जडीबुटी, त्यांच्या नादी लागू नये. एवढे करूनही पडदा निळाच राहिला, तर मेमरी किंवा आतली उष्णता तपासून घ्यावी.

सोनोग्राफी, सीटी स्कॅन यांना जोडलेल्या संगणकांवर मात्र हे प्रयोग करायचेच नाहीत. ते यंत्र ठरावीक सॉफ्टवेअरसह तपासून प्रमाणित झालेले असते; तिथे कंपनीचा इंजिनिअरच हवा, आणि तो येईपर्यंत कागदाची केस.

त्या शुक्रवारी सदोष फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली गेली. पण जे संगणक आधीच पडले होते, त्यांतल्या बहुतेकांना ती दुरुस्ती मिळेना. ती घेण्याइतका वेळ ते चालूच राहत नव्हते. मग एकेका संगणकापाशी माणूस गेला, सेफ मोड उघडला, एक फाइल पुसली. काम मिनिटांचे, पण यंत्रे हजारो. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल, तर त्याआधी ४८ आकडी किल्ली लागे. आपल्या संगणकाला हे कुलूप आहे का, ते आजच पाहावे. असेल तर किल्ली कागदावर उतरवून कपाटात ठेवावी. त्याच संगणकात ठेवलेली किल्ली ऐन वेळी हाती लागत नाही.