पूड तीच, फिल्टर तोच, मग चव का बदलली?

मराठी घरात कॉफीचा मान चहानंतरचा. परीक्षेच्या रात्री जागायचे असले किंवा पाहुणा 'चहा नको' म्हणाला, की दुधात पूड व साखर घालून उकळायची आणि वर थोडे जायफळ किसायचे. आमची कॉफीही अशीच होती. पण मुंबईच्या उपनगरांत दक्षिणेकडून आलेल्या कुटुंबांनी आपली फिल्टर कॉफी बरोबर आणली आणि शेजारधर्माने ती मराठी घरांतही पोचली. मुलुंडला आमच्या शेजारी पालघाटच्या एक मामी राहतात. आमची पुतणी त्यांच्या पितळी फिल्टरच्या कॉफीवरच वाढली म्हणा ना!

ती शिकायला लंडनला निघाली तेव्हा मामींनी तिला एक फिल्टर आणि माटुंग्याहून दळून आणलेली, चिकोरी नसलेली किलोभर पूड दिली. महिन्याभराने तिचा निरोप आला : "कॉफी अगदी सपक लागते. वास नाही, तरतरी नाही. दुकानदाराने चिकोरी मिसळली असणार." मामी चाळीस वर्षे त्याच दुकानातून पूड घेतात. त्यांना हे बोलणे लागले. प्रश्न चवीचा होता, तसा एका माणसाच्या सचोटीचाही होता. तेव्हा आधी तपास, मग आरोप, असे आम्ही ठरवले.

चिकोरी ही एका वनस्पतीची मुळे. ती भाजून दळतात. तिच्यात कॅफीन नसते, पण रंग गडद येतो आणि चवीला कडसर गोडी असते. आपल्याकडे तिची लागवड गुजरातेत जामनगरच्या बाजूला होते. चिकोरी मिसळणे हा गुन्हा नव्हे. कायद्याने अशा मिश्रणात ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते. मात्र तिचे प्रमाण पाकिटावर छापावे लागते. न सांगता मिसळणे ही फसवणूक.

तिची ढोबळ परीक्षा वर्गातही करता येते. काचेच्या पेल्यात थंड पाणी घ्या आणि त्यावर चमचाभर पूड हलकेच भुरभुरा. कॉफीच्या कणांत तेल असते, त्यामुळे ते बराच वेळ तरंगतात. चिकोरीचे कण पाणी शोषून लवकर खाली जातात आणि जाताना मागे तपकिरी रेघा सोडतात. मामींच्या डब्यात त्याच दळणातली पूड उरली होती. आम्ही इथे आणि पुतणीने तिथे एकाच दिवशी हा प्रयोग केला. दोन्हीकडे पूड तरंगत राहिली. अगदी किंचित भेसळ या परीक्षेत कळणार नाही. पण चव बिघडवण्याइतकी चिकोरी त्यात नव्हती, हे नक्की.

मग बदलले काय? त्यासाठी कॉफी 'होते' कशी ते पाहू. भाजलेल्या बियांच्या वजनापैकी सुमारे ३० टक्के भागच पाण्यात विरघळू शकतो. तोही सगळा काढायचा नसतो. आंबट व सुगंधी पदार्थ लवकर उतरतात, कडू आणि तुरट पदार्थ मागाहून. अमेरिकेतील अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी १९५० च्या दशकात यावर काम केले. त्यातून, वजनाच्या १८ ते २२ टक्के भाग उतरला तर कॉफी चांगली लागते, असा अंदाज रूढ झाला. कमी उतरला तर ती आंबट व पाणचट होते, जास्त उतरला तर कडवट. किती उतरणार हे दळण, पाण्याची उष्णता, वेळ आणि पाण्याचे गुणधर्म यांवर ठरते.

पुतणीचा फिल्टर, माप आणि उकळते पाणी मामींसारखेच होते. फरक तीन उरले : पुडीचे वय, पाणी आणि दूध. तिने तिन्ही एकदम बदलले असते, तर चव कदाचित सुधारली असती. पण कशामुळे, ते कळले नसते. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि सुरुवातीला दूध घालायचेच नाही, असे ठरले. दोन पेल्यांच्या तळाशी मैत्रिणीने खुणा करायच्या आणि पुतणीने कोणता पेला कोणता हे न कळता चव घ्यायची.

आधी पूड. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याचे एक मिलिमीटर बाजूचे हजार घन केले तर एकूण पृष्ठफळ ६० चौरस सेंटिमीटर होते. दळल्यावर असे उघडे पृष्ठभाग वाढतात. सुगंधी रेणू लवकर उडून जातात आणि तेलावर हवेतल्या ऑक्सिजनचा परिणाम होतो. पुतणीने अख्ख्या भाजलेल्या बिया आणून लगेच दळल्या. वास परत आला, पण सपकपणा गेला नाही.

मग पाणी. मुंबईचे नळाचे पाणी भातसा, तानसा, वैतरणा अशा तलावांत साठलेल्या पावसाचे, म्हणून बरेच सुफेन असते. लंडनच्या आसपास चुनखडी खडक आहेत. त्यांतून येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट भरपूर असते, म्हणजे ते दुष्फेन असते. साबणाला फेस कमी येतो आणि किटलीत पांढरा थर बसतो. थोडे कॅल्शियम व मॅग्नेशियम कॉफीला मारक नसते. पण बायकार्बोनेट कॉफीतल्या आम्लांचे उदासिनीकरण करते, आणि आम्ले गेली की तरतरीही जाते.

उपाय शालेय पुस्तकातलाच होता. तात्पुरती दुष्फेनता उकळल्याने जाते : बायकार्बोनेटचे विघटन होऊन अविद्राव्य कार्बोनेट तळाशी बसते. पुतणीने पाणी दहा मिनिटे उकळले, निवू दिले, वरचे निवळ पाणी अलगद ओतून घेतले आणि पुन्हा तापवले. खुणेच्या पेल्यांत तिने हे पाणी पाचही वेळा अचूक ओळखले.

शेवटी दूध. आपल्या फुल क्रीम दुधात निदान ६ टक्के स्निग्धांश असतो, तिथल्या साध्या दुधात साडेतीनच्या आसपास. शिवाय आपण दूध उकळतो, त्याने एक निराळी खमंग चव येते. दूध आटवून घेतल्यावर कॉफी मुलुंडच्या बरीच जवळ आली. "अगदी तीच नाही," असे ती म्हणते, आणि आम्ही ते तसेच नोंदवले आहे.

तिने मामींना फोन करून दुकानदाराबद्दल बोललेले शब्द मागे घेतले. मामींनी एवढेच विचारले, "पुढच्या वेळी पूड नको, बिया पाठवू ना?"

आपल्या गावात विहिरीचे, बोअरचे आणि नळाचे पाणी वेगवेगळे असेल. सारख्या बाटल्यांत तिन्ही सारखी भरून, साबणाच्या द्रावणाचे मोजून थेंब टाकून फेसाची उंची मोजता येईल. याच पाण्यांचा कोरा चहा करून मुलांनी डोळे झाकून चाखावा. निष्कर्ष आम्हांला जरूर कळवा. अपेक्षेपेक्षा वेगळे आले तर आधी कळवा.